वाचकांचे प्रश्न : वसईचा कोट आणि त्याच्या आतले शहर

गेल्या अंकात कोकणच्या किनाऱ्यावरील किल्ल्यांविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या वसईविषयी आहेत. पुण्याच्या वाचकाच्या मनात वसई आणि चिमाजी अप्पा ही दोन नावे एकत्रच वावरतात, त्यामुळे बहुतेक प्रश्नांचा ओघ मराठ्यांनी वसई जिंकली त्या १७३९ सालाकडे असणे स्वाभाविक आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून या वेळचे सदर वसईलाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही सिंहगड, राजगड, तोरणा पाहत वाढलो. वसईला गेलो तेव्हा सपाट जमीन, नारळाची झाडे आणि पडक्या चर्चच्या भिंती दिसल्या. डोंगर नाही, बेट नाही, मग याला एवढा मोठा किल्ला का म्हणायचे? बालेकिल्ला, माची असे काही तिथे आहे का? (कोथरूड येथील एक वाचक)

उत्तर : आपल्या अपेक्षेचा रोख सह्याद्रीने ठरवलेला आहे, म्हणून हा प्रश्न पडला. गिरिदुर्गात शिबंदी (किल्ल्यातील फौज) राहते आणि वस्ती पायथ्याशी असते. वसईत मात्र वस्तीच तटाच्या आत होती. सुमारे ११० एकरांच्या जागेभोवती दहा कोनांचा तट, कोनाकोनांवर बुरूज, त्यांतील बऱ्याच बुरुजांना संतांची नावे, आणि आत रस्ते, चौक, न्यायकचेरी, तुरुंग, रुग्णालय, उमरावांची घरे व अर्धा डझनहून अधिक चर्च व मठ, असे ते नांदते शहर होते. आपण पाहिलेल्या पडक्या भिंती त्या शहराच्या आहेत. किल्ला म्हणून जे पाहायचे ते त्यांच्या बाहेरच्या कडेला, झाडीत दडलेल्या तटात आहे, आणि बहुतेक पर्यटक तिथवर जातच नाहीत.

बालेकिल्ला म्हणावा असा भागही आहे. शहराच्या मधोमध गोलसर बुरुजांचा एक छोटा कोट आहे. पोर्तुगीजांनी सर्वांत आधी बांधला तो हाच, आणि त्याच्या दरवाजावर १५३६ चा शिलालेख होता. बाहेरचा विस्तीर्ण तट त्यानंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने उभा राहिला. या दोन बांधकामांतील फरक लक्षपूर्वक पाहावा. आतल्या कोटाचे बुरूज जुन्या पद्धतीचे, गोल आहेत. बाहेरच्या तटाचे बुरूज मात्र बाणाच्या टोकासारखे कोनदार आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी थोडी जागा अशी उरते की जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचत नाही, आणि सुरुंग लावणारा माणूस नेमकी तीच जागा शोधतो. कोनदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरील तोफेच्या टप्प्यात राहते. तोफांच्या युगात युरोपात रूढ झालेली ही रचना महाराष्ट्राच्या भूमीवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

या शहराला दोन मुख्य दरवाजे होते. एक जमिनीकडचा आणि दुसरा खाडीकडचा, ज्याला आज बंदर दरवाजा म्हणतात. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरताच वाट काटकोनात वळते व लगेच दुसरा दरवाजा समोर येतो. दोन्हींच्या मधल्या अरुंद चौकात सापडलेल्या शत्रूवर वरून मारा करता यावा, अशी ती योजना आहे. गडाच्या दरवाजापाशी वाट वळवून घेण्याची आपल्याकडची युक्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

प्रश्न : किल्ला मुळात पोर्तुगीजांचा की त्याआधीचा? आणि त्यांनी मुंबई सोडून वसई का निवडली? (चिंचवड)

उत्तर : पोर्तुगीजांच्या आधी इथे गुजरातच्या सुलतानाची तटबंदी होती. सुलतान बहादूरशहाच्या वतीने मलिक तुघानने ती बळकट करत आणली असता १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याने हल्ला करून ती मोडली. पुढे हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, आणि या मुलखात मुंबईची बेटेही होती. म्हणजे त्या काळी मुंबई ही वसईच्या पदरात पडलेली किरकोळ जोड होती.

वसई निवडण्यामागे खाडी होती. उल्हास नदीचे पाणी ज्या खाडीने समुद्राला मिळते तिच्या उत्तर तीरावर, अगदी मुखाशी, हा कोट आहे. ठाणे आणि कल्याणकडे जाणारी-येणारी गलबते त्याच्या नजरेतून सुटत नव्हती. शेजारी भाताचा सुपीक मुलूख होता, जहाजांसाठी लाकूड आणि चर्चसाठी घडीव दगड हाताशी होता, आणि पलीकडेच सोपारा हे प्राचीन बंदर होते, ज्याचा व्यापार ओसरला असला तरी ज्याच्या परिसरातील कारागिरी टिकून होती. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाला पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणू लागले आणि त्याचे मुख्य ठाणे वसई झाले.

सुबत्ता मात्र अखंड राहिली नाही. मे १६१८ च्या चक्रीवादळाने शहराची मोठी हानी केली. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून देण्याचे ठरले, आणि वसईच्या उंबरठ्यावरच एक प्रतिस्पर्धी बंदर उभे राहिले. १६९५ मध्ये जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी आला तेव्हा रोगराईने शहराचा बराच भाग ओस पडला होता. मराठ्यांनी जिंकली ती वसई तिच्या भरभराटीच्या दिवसांतली नव्हती, हे आपल्याकडील वर्णनांत बहुधा निसटते.

प्रश्न : चिमाजी अप्पांनी ‘माझे मस्तक तोफेने उडवून किल्ल्यात टाका’ असे म्हटल्यावर मराठे पेटून उठले आणि वसई पडली, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. प्रत्यक्षात किल्ला कशामुळे पडला? शौर्यामुळे, सुरुंगांमुळे की फितुरीमुळे? आणि एका किल्ल्यासाठी दोन वर्षे का लागली? (सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षिका, याच आशयाची आणखी काही पत्रे)

उत्तर : मस्तकाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे आणि चिमाजी अप्पांच्या जिद्दीचे ते चांगले शब्दचित्र आहे. परंतु मोहिमेची खरी कहाणी तिच्याहून अधिक रंजक आहे. वसई शेवटच्या चार दिवसांत पडली असे समजणे ही आपल्या इतिहासकथनाची जुनी खोड आहे. तिच्या पतनाची सुरुवात ठाण्याला झाली होती.

या किल्ल्याचे भौगोलिक मर्म आधी ध्यानात घ्यावे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला भरतीच्या पाण्याची दलदल. तिन्ही बाजूंनी मोठे सैन्य चालून येऊ शकत नाही. उरते ती उत्तर, जिथे वाळूची सपाट जमीन थेट तटापर्यंत येते. हल्ला करायचा तर इथूनच. पण उत्तरेकडून कितीही मोठी फौज बसवली तरी, जोवर खाडीचे तोंड आणि आजूबाजूची ठाणी पोर्तुगीजांकडे आहेत, तोवर दक्षिणेकडच्या बंदर दरवाजाने दारूगोळा, धान्य आणि ताजी माणसे येत राहणार. समुद्रावर हुकमत असलेल्याने बांधलेला हा किल्ला होता, आणि त्याचे अर्धे बळ त्याच्या तटाबाहेर, शेजारच्या ठाण्यांत आणि गलबतांत होते.

१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी मराठे साष्टीत (मुंबईच्या उत्तरेकडील मोठ्या बेटावर) उतरले आणि ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज तिथे नवा किल्ला बांधत होते आणि तो अपुरा होता. बांधकाम पुरे होण्याआधीच घाव घालायचा, हा बेत होता. स्थानिक वाटा, माणसे आणि खाडीचे उतार यांची माहिती पुरवण्यात गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू यांचा मोठा वाटा होता. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने झालेल्या जाचाची झळ या घराण्याला बसलेली होती आणि पेशव्यांनी या मुलखात उतरावे म्हणून ते दीर्घकाळ खटपट करत होते. त्याच उन्हाळ्यात वसईच्या तटाला शिड्या लावून पाहिल्या गेल्या, पण ते प्रयत्न फसले आणि पाऊस सुरू झाला. अर्नाळ्याचे बेट मात्र त्याच साली हाती आले. वसईच्या उत्तरेला समुद्रात एक मराठी चौकी बसली, हा त्याचा अर्थ.

१७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्यासाठी पोर्तुगीजांचा उत्तर प्रांताचा सेनापती पेद्रो द मेलो स्वतः गलबते घेऊन आला आणि तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्यानंतर सूत्रे स्वतः चिमाजी अप्पांनी हाती घेतली आणि १७३९ च्या पहिल्या महिन्यांत एकामागून एक ठाणी खुडली. जानेवारीत माहीम आणि तारापूर पडले. (हे माहीम म्हणजे केळवे-माहीम. मुंबईच्या माहीमशी वाचक हमखास गोंधळ करतात.) तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा चिमाजी अप्पांचा जिवलग सरदार पडला. पुढे वेसावे (आजचे वर्सोवा) आणि खाडीपलीकडचे धारावीचे ठाणेही मराठ्यांकडे आले. (ही धारावी भाईंदरजवळची.) धारावी हाती येताच खाडीच्या दोन्ही तीरांवरून वसईच्या बंदरावर नजर बसली. समुद्रात मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. गोव्याहून मोठी कुमक यावी तर त्याच सुमारास मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा गोव्याच्या मुलखात घुसल्या होत्या, त्यामुळे विजरईला (गोव्यातील पोर्तुगीज सत्ताप्रमुखाला) स्वतःच्याच दाराची चिंता पडली होती.

वेढा १७ फेब्रुवारी १७३९ रोजी बसला. त्यानंतरचे तीन महिने कादंबरीतल्यासारखे नाहीत. वाळूत खणलेले मोर्चे हळूहळू पुढे सरकवणे, तटाखाली सुरुंगांची भुयारे नेणे, आतल्यांनी ती हुडकून उधळून लावणे आणि पुन्हा दुसरी खणणे, असे ते कष्टाचे काम होते. वाळूत भुयार टिकत नाही, त्याला फळ्यांचा आधार द्यावा लागतो, आणि वरून दगड, जळते पदार्थ व हातगोळे पडत असतात. किल्लेदार सिल्वैरा द मेनेझेस याच वेढ्यात मारला गेला आणि काएतानो द सौझा परेरा याने जागा घेतली. पोर्तुगीज शेवटपर्यंत चिवटपणे लढले, याची नोंद आपण मोकळ्या मनाने घ्यायला हवी.

मे महिन्याच्या पूर्वार्धात सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखालचे सुरुंग उडाले आणि तटाला खिंडार पडले. मात्र सगळे सुरुंग एकाच वेळी उडाले नाहीत. काही उशिरा फुटले आणि खिंडाराकडे धावलेल्या मराठ्यांवरच कोसळले. तरीही बुरुजावर पाय रोवले गेले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या तुकड्याही या वेढ्यात होत्या. आतला दारूगोळा आणि धान्य संपत आले होते, मदतीची आशा उरली नव्हती, आणि १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला. पोर्तुगीजांचे सुमारे आठशे लोक मृत किंवा जखमी झाले होते. मराठ्यांकडील मृत आणि जखमींचा आकडा खुद्द मराठ्यांच्या कबुलीप्रमाणे पाच हजारांच्या घरात जातो.

फितुरीचे म्हणाल तर तशी कारणमीमांसा करण्याची गरजच नाही. वसईला एकटे पाडण्यास दोन वर्षे लागली आणि एकटी पडलेली वसई तीन महिन्यांत पडली, एवढ्यात सगळे उत्तर आहे.

कराराच्या अटी वाचल्या तर चिमाजी अप्पांचा एक वेगळा पैलू दिसतो. शिबंदीला शस्त्रे, निशाणे आणि नगारे यांसह सन्मानाने बाहेर पडू दिले, कुटुंबे व चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत दिली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. २३ मे रोजी पोर्तुगीज निघून गेले. आजही वसईच्या गावागावांतून ख्रिस्ती समाज नांदतो आणि घरात मराठीच्याच बोली बोलतो. त्या अटींचा त्यात वाटा आहे.

प्रश्न : वसई मुंबईच्या इतकी जवळ असताना इंग्रजांनी कोणाला मदत केली? (नारायण पेठ)

उत्तर : त्यांनी आपला हिशेब पाहिला. पोर्तुगीजांनी काकुळतीने मदत मागितली तेव्हा मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याने थोडा दारूगोळा दिला, आणि चर्चची चांदीची भांडी व काही पितळी तोफा तारण ठेवून पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले. ख्रिस्ती बांधवांच्या अडचणीत तारण मागणारा हा शेजार पोर्तुगीजांच्या मनात दीर्घकाळ सलत राहिला. वसई पडताच मात्र इंग्रजांचे धाबे दणाणले. कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन याला साताऱ्याला शाहू महाराजांकडे पाठवले गेले, आणि जुलैमध्ये पेशव्यांशी तह करून घेतला.

दुसरा परिणाम आजच्या मुंबईकराच्या पायाखाली आहे. मुंबईच्या कोटाभोवती तेव्हा धड खंदकही नव्हता. मराठे वसईपर्यंत येऊन ठेपल्यावर तो खणण्याचे ठरले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. खर्च त्याच्या कित्येक पट झाला. हा कोट पुढे १८६२ नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात पाडला गेला आणि मुंबईला ‘फोर्ट’ हे नाव तेवढे उरले. वसईच्या तटाला कोणी पाडण्याइतकी किंमतच त्या काळी दिली नाही, म्हणून तो वाचला, असे खुशाल म्हणावे.

प्रश्न : देवळांतील मोठ्या घंटा वसईच्या चर्चमधून आणलेल्या आहेत, हे खरे का? (वाईहून एक वाचक)

उत्तर : बऱ्याच अंशी खरे. आपल्या गावाशेजारी मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी भली थोरली घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेचीही हीच कथा आहे. या घंटा पोर्तुगीज ओतकामाच्या आहेत यात शंका घेण्यास जागा नाही, आणि वसई मोहिमेत पोर्तुगीजांचे एवढे चर्च मराठ्यांकडे आले की त्यांचा उगम तिथेच शोधणे रास्त आहे. मात्र ‘वसई’ या शब्दाखाली लोक साष्टी, ठाणे, तारापूर असा सारा जिंकलेला मुलूख धरतात. घंटेवर साल असते, चर्चचे नाव नसले तर ती अमुकच मनोऱ्यावरची असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मार्गदर्शकाला हसून पुढे जावे. आणि घंटेवरचे साल ते मोहिमेचे साल नव्हे, ती ओतल्याचे साल होय. हा घोळ फलकांवरही आढळतो.

प्रश्न : १८०२ चा वसईचा तह याच किल्ल्यात झाला का? मराठ्यांनी एवढ्या मोलाने जिंकलेली वसई त्या वेळी आपल्याकडेच होती का? (हडपसर)

उत्तर : प्रश्न हडपसरहून आला हे योग्यच आहे, कारण त्या तहाची वाट आपल्याच गावावरून जाते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले ते महाड, सुवर्णदुर्ग असे करत इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोहोचले, आणि ३१ डिसेंबर रोजी तिथे तैनाती फौजेचा तह झाला. फौजेच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात ते पुण्यात परतले.

वसई तेव्हा मराठ्यांकडेच होती, पण मधे एकदा गेली होती. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गोडार्डने तिला वेढा घातला, पुन्हा त्याच उत्तरेच्या बाजूने मोर्चे बांधून, आणि डिसेंबरमध्ये किल्ला घेतला. किल्ल्याच्या मदतीला निघालेले मराठा सरदार रामचंद्र गणेश त्याच दिवसांत दुगाडच्या लढाईत पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती कायमची. ठाणे आणि साष्टी हातात नसलेली वसई म्हणजे १७३९ च्या वसंतातली पोर्तुगीजांची वसई होती. १८१८ मध्ये ती इंग्रजांकडे गेली तेव्हा तिच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली नाही.

प्रश्न : मुलांना एका दिवसात किल्ला दाखवायचा आहे. काय चुकवू नये? (कर्वेनगर)

उत्तर : लोकलने वसई रोडला उतरल्यावर किल्ला बराच आत आहे, तेव्हा बस किंवा रिक्षा करावी. रस्ता थेट कोटातूनच बंदरापर्यंत जातो, त्यामुळे नकळत सगळे मागे टाकून पुढे जाण्याची शक्यता असते. आधी आतला छोटा कोट पाहावा. नंतर सेंट जोसेफचे चर्च पाहावे, ज्याचा उंच मनोरा अजून उभा आहे. त्यानंतर संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाणारे जेझुइटांचे चर्च पाहावे. हे गोन्सालो वसईचेच. १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. मराठेकालीन नागेश्वराचे देऊळ आणि चिमाजी अप्पांचा पुतळा वाटेत लागतो.

बंदर दरवाजातून बाहेर पडले की मासेमारीच्या होड्या आणि बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील यांच्यामधून खाडी दिसते. समोर पलीकडे भाईंदरची बाजू आहे. मुलांना इथे उभे करून धारावीचे ठाणे का घ्यावे लागले हे विचारावे, बोट दाखवल्यावर त्यांना ते लगेच उमगते. मग मागे फिरून उत्तरेच्या तटाकडे जावे. तिथे झाडी आहे, बुरुजांतील चिंचोळ्या वाटांत अंधार आणि वटवाघळे असतात, म्हणून बॅटरी व बूट हवेत. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ येते, त्यामुळे लहान मुलांना तेव्हा तटावर चढवू नये. रविवारी लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी नटूनथटून आलेल्या जोडप्यांची चर्चमध्ये एवढी गर्दी असते की भिंती पाहणे कठीण जाते. शक्य असेल तर शनिवारी सकाळी जावे.